पूर्ण दिवसाची मुलं हवीत, तर आधी दुपारची जागा मोकळी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कल्याणमध्ये राहत्या घरी दीड वर्षापासून पाळणाघर चालवता. नऊ मुलं आहेत, पण त्यातली सात शाळा सुटल्यावर दोन-तीन तासांपुरती येतात, पूर्ण दिवसाची दोनच. फी कमी करून पाहिली, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकली, तरी चौकशीला येतात ते अर्ध्या दिवसाचेच. पूर्ण दिवसाची कुटुंबं कशी मिळवायची?

मी डोंबिवलीत वीस वर्षांहून जास्त काळ घरीच पाळणाघर चालवते आहे. माझ्याकडची जवळजवळ सगळी मुलं सकाळी साडेसात-आठला येतात आणि संध्याकाळी साडेसात-आठला घरी जातात. तुमच्या-माझ्या भागात गिऱ्हाईक एकाच प्रकारचं आहे: आई-वडील दोघंही लोकलने मुंबईला, ठाण्याला नाहीतर ऐरोलीला जाणारे. म्हणून जे सांगते ते याच भागातलं धरा.

आधी तुमच्या दुपारकडे बघू. साडेबारा ते दोन या वेळात तुमच्या घरात काय चालतं? शाळेची व्हॅन येते, सात दप्तरं हॉलमध्ये पडतात, दोघांना कडकडून भूक लागलेली, एकाची बाटली सांडलेली, आणि नेमकी त्याच वेळी बाळाला झोप आलेली. पूर्ण दिवसासाठी चौकशी करणारी आई या वेळी आली तर तिला हेच दिसतं. ती गोड बोलून जाते आणि परत फोन करत नाही. तुम्हाला वाटतं फी जास्त वाटली. खरं तर तिच्या बाळाला झोपायला जागा कुठे आहे हेच तिला दिसलेलं नसतं.

पाळणाघराची क्षमता मोजायची असेल तर दुपारी दोन वाजता शांतपणे किती गाद्या घालता येतात ते मोजा. गर्दीच्या वेळी तुमच्या नऊपैकी सात जागा ज्यांच्याकडे आहेत ती मुलं थोड्या वेळासाठी येतात आणि थोडे पैसे देतात. समजा अर्ध्या दिवसाची फी २,००० आणि पूर्ण दिवसाची ६,०००. आज सात आणि दोन मिळून २६,००० होतात. तीन अर्ध्या दिवसाची आणि पाच पूर्ण दिवसाची अशी आठ मुलं असती तर ३६,००० झाले असते. त्यातला मोठा वाटा संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्या मदतनीस बाईच्या पगारात जाईल हे आधीच धरून चला, कारण लहान बाळं वाढली की एका माणसाचं काम राहत नाही. पण घर शांत होईल, आणि शांत घराकडे बघूनच पुढचं कुटुंब येतं.

आत्ता असलेल्या मुलांना काढू नका. त्या आया तुमच्यावर विसंबून आहेत, आणि मध्येच नाही म्हटलंत तर परिसरात नाव खराब होतं. फक्त येत्या जूनमध्ये जे मूल सोडेल त्याच्या जागी नवीन अर्ध्या दिवसाचं घेऊ नका. जागा रिकामी ठेवा. दोन-चार महिने हात आखडता घ्यावा लागेल. पण भरलेल्या घरात पूर्ण दिवसाचं बाळ कुठे घेणार? आणि या सात घरांत धाकटं भावंड येणार असेल तर त्या आईला आत्ताच सांगून ठेवा की तुमच्या बाळासाठी जागा राखते.

आता ही कुटुंबं शोधतात कधी, ते बघा. शाळेतल्या मुलांची चौकशी मे-जूनमध्ये होते. बाळांचं तसं नाही, ती वर्षभर जन्मतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. शोध त्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो, बाळ दोन ते साडेचार महिन्यांचं असताना. त्या वेळी ही आई फारशी घराबाहेर पडत नाही, ग्रुपवरच्या जाहिराती वाचायला तिला सवड नसते. पण एका ठिकाणी ती हमखास जाते: लसीकरणाला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस असतात, आणि चौदाव्या आठवड्याचा डोस नेमका तिच्या शोधाच्या वेळी पडतो. तुमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांना जाऊन भेटा. कार्ड ठेवून परत येऊ नका. त्यांना सांगा की मी किती बाळं घेते, आजारी मुलाबाबत माझा नियम काय आहे, ताप आला तर काय करते, आणि एकदा घर बघायला या. डॉक्टरांनी आईच्या तोंडावर तुमचं नाव घेतलं की शंभर जाहिरातींचं काम होतं.

दुसरी व्यक्ती म्हणजे बाळ-बाळंतिणीला मालीश करायला येणारी मावशी. रोज सकाळी घरात असते, आईशी तासभर बोलते, कुणाची सासू राहायला येणार आणि कुणाची येणार नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. आमच्या भागातल्या अशा दोन मावश्या माझ्याकडे येता-जाता चहाला थांबतात. मी त्यांना कधी कमिशन दिलेलं नाही आणि तुम्हीही देऊ नका. पैसे घेऊन केलेली शिफारस आईला लगेच ओळखू येते. त्यांनी तुमचं घर आतून पाहिलेलं असावं, एवढंच पुरे.

तिसरी कुटुंबं आज कुठेच शोधत नसतात, कारण त्यांचं मूल आजी-आजोबा सांभाळतात. सहा महिने सासूबाई, सहा महिने आई, अशा पाळ्या लावलेल्या असतात. मग आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, किंवा अमेरिकेतल्या लेकीचं बाळंतपण येतं, किंवा आजोबा म्हणतात आता आम्हाला गावी जाऊ दे. तेव्हा या घराला आठ दिवसांत पूर्ण दिवसाची सोय लागते. म्हणून बागेत, देवळात, सोसायटीच्या कट्ट्यावर नातवंडं घेऊन बसणाऱ्या आज्यांशी ओळख ठेवा. आणि मूल दाखल करायच्या भेटीला आजी आली असेल तर तिच्याशी आधी बोला. बहुतेक घरांत निर्णय आई घेते, पण होकार आजीचा लागतो. आजीला वाटत असतं की आपण नातवाला परक्याकडे टाकतोय. बाळाला पेज कशी आवडते, दुपारी कशावर झोपतं, हे तिला विचारा आणि तिच्यासमोर लिहून घ्या.

चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न नेहमी फीचाच येतो. फी लपवू नका, सरळ आकडा सांगा. पण त्याआधी एक विचारा: ऑफिस कुठे आणि गाडी कितीची? हे विचारलं की बोलण्याचा सूरच बदलतो. ती म्हणते, सात पन्नासची फास्ट पकडते, परत यायला पावणेआठ होतात. मग तुम्ही तिला सांगू शकता की सव्वासातला बाळ घेते आणि रात्री आठपर्यंत थांबते. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं. तुमचं पाळणाघर आज किती ते किती उघडं असतं? ‘नऊ ते सहा’ असेल तर या भागात पूर्ण दिवसाची मुलं मिळणं अवघड आहे, मग बाकी काहीही करा. नऊला मूल सोडणारी आई अकराला मुंबईत पोचेल.

भेटीला तिला शनिवारी बोलवू नका. शनिवारी घर रिकामं आणि आवरलेलं असतं, त्यातून तिला काही कळत नाही. कामाच्या दिवशी, अकरा-साडेअकराला बोलवा, जेवायची वेळ होत असताना. खिडक्यांच्या ग्रिलला आतून जाळी आहे का, बाथरूममध्ये भरलेली बादली राहते का, ओट्यापर्यंत मुलं पोचतात का, वीज गेली तर पंखा चालतो का, हे ती न बोलता बघत असते. तिने विचारायच्या आधी तुम्हीच दाखवा. घरात आणखी कोण राहतं, तुमचे यजमान किती वाजता घरी असतात, मोठा मुलगा कुठल्या खोलीत अभ्यास करतो, हेही आपणहून सांगा. हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो आणि विचारायला तिला संकोच वाटतो. मदतनीस बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन केलेलं असेल तर कागद समोर ठेवा. केलेलं नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि ते चित्रण सगळीकडे फिरलं. तेव्हापासून एकही आई कॅमेऱ्याबद्दल विचारल्याशिवाय राहत नाही, आणि तिने विचारावंच. माझ्याकडे हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत कॅमेरा आहे, रेकॉर्डिंग जपून ठेवते, कुणाला शंका आली तर त्या दिवसाचं सोबत बसून बघतो. कपडे बदलायच्या जागी कॅमेरा लावायचा नाही. सगळ्या पालकांच्या मोबाइलवर थेट चित्रण मी देत नाही, कारण त्यात दुसऱ्यांची मुलंही दिसतात, आणि त्या मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे. त्याऐवजी सांगते की न कळवता कधीही या, दार उघडेन. हे नुसतं म्हणायचं नाही. कुणी खरंच दुपारी अडीचला बेल वाजवली तर कपाळाला आठी न पाडता आत घ्यायचं. दोनदा येऊन गेलेला बाप तिसऱ्यांदा येत नाही, पण ऑफिसातल्या चार जणांना तुमचा नंबर देतो.

प्रवेश ठरला की आईच्या रुजू होण्याआधी एक आठवडा राखून ठेवा आणि तो फीमध्येच धरा. पहिल्या दिवशी आईसोबत तासभर. दुसऱ्या दिवशी आई खाली चक्कर मारून येईपर्यंत. मग एक जेवण, मग एक झोप. सोमवारी ऑफिस आणि सोमवारीच पाळणाघर असं कधीही करू नका, बाळ आणि आई दोघंही कोसळतात आणि पंधरा दिवसांत मूल काढलं जातं. बाळाच्या गोधडीसोबत आईची एक न धुतलेली ओढणी मागून घ्या. पहिल्या आठवड्यात झोपताना बाळ रडलं तर मांडीवर घेऊन थोपटताना ती खांद्यावर टाका, वासाने बाळ निवतं. झोपलं की ओढणी बाजूला ठेवा आणि बाळाला पाठीवरच निजवा, तोंडाजवळ काही राहू देऊ नका.

आईचं काढून ठेवलेलं दूध घ्यायला शिका. कितीतरी पाळणाघरं यात टाळाटाळ करतात, आणि जी घेतात तिथे आई सहा महिन्यांच्या आतलं बाळ डोळे मिटून सोपवते. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. आल्याबरोबर फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या कप्प्यात. द्यायच्या वेळी बाटली कोमट पाण्यात धरायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. हे आईला पहिल्या भेटीत सांगितलंत की तिला कळतं, हिला काम येतं.

दिवसभरात मेसेजचा मारा करू नका. दुपारी तीनच्या सुमारास एकच मेसेज पाठवा, पण नेमका. ‘मजेत आहे’ यातून आईला काहीही कळत नाही. माझा मेसेज असा असतो: ‘१२:१० ला वरणभात अर्धी वाटी, भोपळा खाल्ला नाही. १२:५० ते २:३५ झोप. शी एकदा, नेहमीसारखी. नाक थोडं वाहतंय, ताप नाही.’ तेच वहीतही लिहिते. दात येताना, पोट बिघडताना हीच वही डॉक्टरांसमोर जाते.

आता संध्याकाळ. या एका गोष्टीवर माझी कुटुंबं वर्षानुवर्षं टिकली आहेत, म्हणून नीट सांगते. पावणेआठला लोकलमधून उतरलेली आई दारात येते तेव्हा मूल भुकेलं, चिकट हाताचं आणि झोपाळलेलं असेल तर घरी गेल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते: स्वयंपाक, भरवणं, रडारड, झोप. मी सात वाजता मुलांचं जेवण उरकते. मऊ खिचडी, भाजी-पोळीचा काला, असंच काहीतरी. हात-पाय-तोंड धुऊन धुतलेले कपडे घालते. मुलाला घेऊन गेल्यावर तिला एक तास त्याच्याशी नुसतं खेळायला मिळतो. यासाठी मी फी जास्त घेते, आणि आजवर कुणी त्यावर घासाघीस केलेली नाही. फी कमी करून तुम्हाला पूर्ण दिवसाची मुलं मिळाली नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. ही आई तुमची तुलना घरी बारा तास ठेवायच्या बाईशी करते आहे, आणि त्या बाईचा पगार तुमच्या फीपेक्षा किती जास्त असतो हे तिने आधीच विचारून ठेवलेलं असतं. फार कमी फी ऐकली की तिला शंका येते.

उशिराचा नियमही रेल्वेकडे बघून करा. गाड्या कोलमडल्या त्या दिवशी उशिराचे पैसे घ्यायचे नाहीत. पण रोजच सव्वाआठ होत असतील तर वेळ आणि फी दोन्ही नव्याने ठरवायची. २६ जुलै २००५ ला गाड्या बंद पडल्या, रस्ते पाण्याखाली गेले, फोन लागेनात आणि कितीतरी आई-वडील त्या रात्री घरी पोचू शकले नाहीत. त्या रात्री माझ्याकडे मुलं झोपली. मेणबत्तीच्या उजेडात दूध-पोळी खाल्ली आणि एका सतरंजीवर ओळीने निजली. तेव्हापासून पावसाळ्यात प्रत्येक मुलाचे दोन जादा कपड्यांचे जोड, दुधाची पावडर, बॅटरी आणि जवळच्या एका नातेवाइकाचा नंबर माझ्याकडे असतोच. पहिल्याच भेटीत मी पालकांना सांगते: पाऊस लागला आणि गाडी थांबली तर जीव धोक्यात घालून रुळावरून चालत निघू नका, बाळ इथेच झोपेल. पूर्ण दिवसाच्या कुटुंबाला हेच वाक्य ऐकायचं असतं.

तुम्ही स्वतः आजारी पडलात तर काय, हा दुसरा मोठा धसका. शेजारच्या एखाद्या पाळणाघरवालीशी बोलून ठेवा, अडचणीला एकमेकींची मुलं घ्यायची. तिची-तुमची स्पर्धा आहे असं समजू नका. मुलांना ते दुसरं घर आधी एकदा दाखवून आणा.

पैशांचे नियम पहिल्या दिवशी कागदावर द्या. महिन्याची फी पाच तारखेच्या आत आगाऊ, मुलाच्या रजेचे पैसे वजा नाहीत, एक महिन्याची अनामत, सोडायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं. तुमच्या सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच: दिवाळीचे किती दिवस, घरी गणपती असेल तर ते दिवस, गावची जत्रा. आयत्या वेळी मागितलेली एक सुट्टी आईला ऑफिसात एक रजा घालवायला लावते. यादी आधी हातात असली तर ती त्याप्रमाणे रजा आखते आणि तक्रार करत नाही. आजारपणाचा नियम मात्र सैल करू नका. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय, किंवा तळहात-तळपायावर पुरळ असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मूल घ्यायचं नाही. एका कुटुंबाची नाराजी चालेल, पावसाळ्यात सगळं घर आजारी पडलं तर सगळ्यांच्याच रजा जातात.

पावती द्या, छापील आणि नावानिशी. कामगार मोजकेच असले तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि उद्यम (लहान उद्योगांच्या सरकारी) नोंदणीला पैसे लागत नाहीत. दोन्हीबद्दल एखाद्या जाणकाराला विचारून घ्या. याचा उपयोग असा की ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असं मातृत्व लाभ कायद्यातल्या त्याच २०१७ च्या दुरुस्तीत आलं. काही कंपन्या स्वतः पाळणाघर चालवण्याऐवजी आईला खर्च देतात, पण त्यासाठी बिल लागतं. तुमच्या दोन पूर्ण दिवसाच्या आयांना आजच सांगा, एचआरला विचारून बघा म्हणून. एका ऑफिसात एकीला पैसे मिळाले की तिच्या शेजारच्या टेबलवरची तुम्हाला फोन करते. सोसायटीला लेखी कळवून संमती घेतली नसेल तर तेही करा. खालच्या मजल्यावरच्या एका तक्रारीने पाच कुटुंबं अधांतरी होतात.

एक गळती मात्र आधीपासून बुजवून ठेवा. मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की आई-बाबांना नर्सरीची घाई होते, आणि मोठ्या प्रीस्कूलमध्ये नर्सरी आणि डे-केअर एकाच छताखाली मिळतं. तिथे तुमचं कुटुंब जातं. चालत जाण्याच्या अंतरावर जी नर्सरी असेल तिच्या बाईंना भेटा. सकाळी मुलाला तुमच्या मदतनीस बाईने सोडायचं आणि साडेअकराला आणायचं, एवढी सोय केलीत की पूर्ण दिवसाची फी चालू राहते आणि मूल पहिलीपर्यंत तुमच्याकडे राहतं. माझी काही मुलं सहा महिन्यांची आली आणि मराठी तिसरीचं पुस्तक घेऊन गेली.

बाळं किती घ्यायची हे विचारलं नाहीत, पण सांगते. वर्षाच्या आतली बाळं एका माणसामागे दोनच. तुम्ही आणि मदतनीस मिळून चार होतील, पण मदतनीस एखाद्या दिवशी येणार नाही हे धरून तीनवर थांबा. चौथ्या बाळाची आई कितीही गळ घालत असली तरी तिचं नाव वहीत लिहा, जागा झाली की पहिला फोन तिला करा. तोवर तिला त्या शेजारच्या पाळणाघरवालीचा नंबर द्या.

या महिन्यात एवढं करा: वेळ सव्वासात ते आठ करा आणि तसा बोर्ड लावा, बालरोगतज्ज्ञांना भेटून या, पावतीपुस्तक छापा. आणि जूनमध्ये पहिली जागा रिकामी झाली की ती भरायची घाई करू नका.